मुंबई–न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून आज एखादा मुलगा वा मुलगी अमेरिकेत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली आढळते. घरात लग्न वा बाप्तिस्मा असला तर तारखा आधीपासून ठरविता येतात. मृत्यू मात्र वेळ विचारून येत नाही. अशा वेळी धर्मगुरूंसमोर बसलेल्या नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की परदेशातील मुले कधी पोहोचतील? त्यावर बहुधा घाईघाईने उत्तर मिळते, ‘सोळा तासांचे विमान आहे, उद्या सकाळी येतील.’ त्यानुसार मिस्साची वेळ जाहीर होते, गावोगावी निरोप जातात आणि पुष्कळदा हा हिशेब चुकतो. मुले विमानतळावरून निघण्यापूर्वीच पेटी कबरीत उतरलेली असते, नाहीतर चर्चमध्ये जमलेला समुदाय तासन्‌तास ताटकळत बसतो.

हा हिशेब कसा करावा, त्यात कोणकोणत्या गोष्टी धरावयाच्या आणि तिकिटावर छापलेल्या वेळेवर कितपत विसंबावे, हे या लेखात आम्ही मांडणार आहोत. उदाहरण म्हणून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी विमानतळ ही जोडी घेतली आहे. शिकागो, टोरांटो वा ह्यूस्टनला राहणाऱ्यांनाही आकडे बदलून हाच हिशेब वापरता येईल.

अंतर किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मैलांत सांगावयाचे तर ते ७,७९० मैलांच्या आसपास भरते. वैमानिक सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या हिशेबाने हे अंतर सुमारे ६,७७० सागरी मैल होते. इंटरनेटवर वा प्रवासी कंपनीच्या पत्रकात निरनिराळे आकडे दिसतात, त्याचे कारण बहुधा मैलांचा हा घोळ असतो.

हे अंतर मोजतात कसे, हे समजून घेण्यासाठी शाळेतला पृथ्वीचा गोल आणि एक दोरा पुरे. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणावा. तो ज्या रेषेवर बसेल तीच पृथ्वीच्या पृष्ठावरील सर्वांत जवळची वाट होय. गणितात तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. दोरा ताणताच एक आश्चर्य दिसेल. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला आहे असे आपण मानतो, पण दोरा मुंबईहून पश्चिमेकडे जातच नाही. तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकून निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान व मध्य आशियावरून जात तो मॉस्कोच्या अगदी जवळून पुढे सरकतो, स्वीडन आणि नॉर्वे ओलांडतो, आइसलंडवरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करतो आणि मग कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला उतरतो. या वाटेचे सर्वांत उत्तरेकडील टोक साधारण ६४.७ अंश अक्षांशावर, म्हणजे उत्तरध्रुव वृत्ताच्या थोडेसेच खाली येते.

भिंतीवरच्या सपाट नकाशात हेच दोन बिंदू पट्टीने जोडले तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ती दिसावयास सरळ, पण त्या रेषेने उडाले तर सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील. म्हणजे नकाशातली ‘वाकडी’ वाट सोळाशे किलोमीटरांहून अधिक जवळची आहे. विमानातील पडद्यावर आपले विमान बर्फाळ प्रदेशावरून का चालले आहे, असा प्रश्न पडणाऱ्या आजी-आजोबांना नातवंडांनी हा दोऱ्याचा प्रयोग जरूर करून दाखवावा.

अर्थात कोणतेही विमान या रेषेला चिकटून उडत नाही. हवाई नियंत्रकांनी आखून दिलेले मार्ग, वाऱ्याची दिशा, वादळे आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यांवर प्रत्यक्ष मार्ग ठरतो. तो नेहमीच दोऱ्याच्या अंतरापेक्षा अधिक असतो.

जाताना सोळा, येताना चौदा

मोठ्या प्रवासी विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरांच्या आसपास असतो. सरळ भागाकार केला तर प्रवास चौदा तासांचा यावा. परंतु ज्या हवेत विमान उडते ती हवाच वाहत असते. दहा ते बारा किलोमीटर उंचीवर उत्तर गोलार्धात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक असणे नवलाचे नाही, आणि हिवाळ्यात कधी कधी तो तीनशेच्याही वर जातो.

समजा, विमानाचा हवेतील वेग ८९० आहे आणि संपूर्ण मार्गावर वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ६० किलोमीटर आहे. न्यूयॉर्ककडे जाताना तो समोरून येतो, म्हणून जमिनीच्या तुलनेत वेग ८३० उरतो आणि १२,५३० किलोमीटरांना पंधरा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. मुंबईकडे येताना तोच वारा पाठीशी असतो. वेग ९५० होतो आणि प्रवास सव्वातेरा तासांत आटोपतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि दारापर्यंत येणे हे मिळवले, की थेट विमानाच्या वेळापत्रकात दिसणारे आकडे हाती येतात : मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास, न्यूयॉर्कहून मुंबईला येताना चौदा ते साडेचौदा तास. वेळापत्रकातील वेळ ही विमान एका विमानतळाचे दार सोडते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळाच्या दाराशी लागेपर्यंतची असते, हेही ध्यानात असू द्यावे.

पाठीशी वारा असला म्हणजे काय घडते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. ९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो जेटने वादळी वाऱ्याच्या साहाय्याने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

म्हणजे घरी परतण्याची दिशा ही सुदैवाने कमी वेळाची दिशा आहे. पण ‘सोळा तास’ हा आकडा आपल्या तोंडी बसला आहे तो मुलाला निरोप देतानाचा. तो येण्याच्या हिशेबात वापरू नये.

पूर्वी ही चैन नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. तेथून पुढे अमेरिकेला आपली विमानसेवा १४ मे १९६० रोजी सुरू झाली, बोइंग ७०७ विमानाने, तीही लंडनमार्गे. मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर कोठेही न थांबता कापणारी एअर इंडियाची सेवा सुरू झाली १ ऑगस्ट २००७ रोजी. त्याआधीच्या पिढीत परदेशी गेलेल्या अनेकांना आईवडिलांच्या निधनाची बातमी तारेने वा पत्राने कळे, तोवर दफनविधी झालेला असे. त्यांच्या मनात तो सल कायमचा राहिला. आज तसे होऊ नये एवढ्या सोयी आहेत, म्हणूनच हिशेब नीट करावयास हवा.

आकाशही बंद होते

दोऱ्याची वाट ज्या देशांवरून जाते त्यांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. जमिनीवर कलह पेटला, की त्याची झळ दहा किलोमीटर उंचीवरच्या प्रवाशालाही लागते.

बालाकोटच्या घटनेनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते पूर्णपणे खुले झाले १६ जुलै २०१९ रोजी. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे राज्यसभेत सांगण्यात आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचे ड्रोन पाडल्यानंतर युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क–मुंबई ही सेवा थांबविली. (नेवार्कचे विमानतळ न्यू जर्सीत असले तरी न्यूयॉर्क शहराचेच दुसरे दार आहे, आणि मुंबईपासूनच्या त्याच्या अंतरात फारसा फरक नाही.) मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, अमेरिकन विमानांना रशियाचे आकाश उरले नाही, तेव्हा पुन्हा हीच सेवा बंद पडली. भारतीय विमानांना मात्र रशियावरून जाण्यास तेव्हा बंदी झाली नाही.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्या वर्षी ती बंदी महिन्यामागून महिना वाढवीत नेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा पडल्यामुळे इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. मुंबईकरांना अशा बंदीची झळ त्यामानाने कमी बसते, कारण मुंबईहून विमान अरबी समुद्रावरून थेट ओमानच्या दिशेने वळू शकते. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी दक्षिणेला खाली यावे लागते. पण मग आखातावर भार येतो, आणि आखातही नेहमी शांत नसते. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, त्या दिवशी कतारने आपले आकाश तात्पुरते बंद केले आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी जेथल्या तेथे अडकले.

म्हणून अंतर तेच असले तरी मागील वर्षी किती तास लागले होते, हे यंदाच्या प्रवासाला प्रमाण मानता येत नाही. थेट विमान सध्या सुरू आहे की नाही, हेदेखील त्या आठवड्यात पाहूनच ठरवावे.

घड्याळाचा फसवा हिशेब

भारताचे घड्याळ वर्षभर एकच असते. न्यूयॉर्कचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे हिवाळ्यात आपण न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतो व उन्हाळ्यात साडेनऊ तास.

तिकिटावरील निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. मंगळवारी पहाटे १ वाजता मुंबईहून निघालेले विमान सोळा तास उडून हिवाळ्यात न्यूयॉर्कला मंगळवारीच सकाळी साडेसहाला उतरते. पाहणाऱ्याला वाटावे, साडेपाच तासांचाच प्रवास! उलट, सोमवारी दुपारी साडेबाराला न्यूयॉर्कहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईला उतरते ते मंगळवारी दुपारी दीड वाजता. कागदावर पंचवीस तास दिसतात. निघण्याच्या वेळेत प्रवासाचे तास मिळवावेत आणि मग साडेदहा (वा साडेनऊ) तास अधिक करावेत, एवढेच सूत्र आहे. मुलगा फोनवर ‘सोमवारी दुपारी निघतो’ म्हणाला, तर तो मंगळवारी दुपारी पोहोचेल. सकाळच्या मिस्साला नाही.

थेट विमान की थांब्याचे?

येथे सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. थांब्याचे विमान म्हणजे फार मोठा वळसा, असे वाटते. आकडे पाहावेत. न्यूयॉर्क ते दुबई सुमारे ११,०२० किलोमीटर आणि दुबई ते मुंबई सुमारे १,९३०. बेरीज १२,९५०, म्हणजे थेट अंतरापेक्षा सव्वाचारशेच किलोमीटर जास्त. लंडनमार्गे आले तर ५,५४० आणि ७,२०० मिळून १२,७५० च्या आसपास. वळसा नगण्य आहे. वेळ जातो तो जमिनीवर, दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात.

आणि शोकप्रसंगी तर प्रश्न ‘विमानात किती तास’ हा नसून ‘घरी किती वाजता’ हा असतो. एक उदाहरण घेऊ. वेळा केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत, प्रत्यक्ष वेळापत्रक पाहूनच निर्णय करावा. हिवाळ्यात रविवारी सकाळी ६ वाजता वसईत वडिलांचे निधन झाले. न्यूयॉर्कला तेव्हा शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. थेट विमान रविवारी दुपारी साडेबाराला आहे. त्याने निघालेली मुलगी सोमवारी दुपारी दीडला मुंबईत उतरेल व घरी पोहोचेल साडेचार-पाचला. पण शनिवारी रात्रीच ११ वाजता आखातमार्गे जाणारे विमान तिला मिळाले, तर साडेबारा तासांनी ती आखातात उतरेल. तेव्हा आपल्याकडे रविवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतील. चार तासांचा थांबा आणि पुढे तीन तास धरले तर ती सोमवारी पहाटे पाचला मुंबईत, आणि आठच्या सुमारास घरी. प्रवास पाच तासांनी लांब, पण आगमन साडेआठ तासांनी आधी. पहिल्या हिशेबाने दफनविधी मंगळवारवर जातो, दुसऱ्याने सोमवारी दुपारी सहज होतो.

थेट विमानाचाच हट्ट धरल्यामुळे मुलाला बापाचे मुखदर्शन न घडल्याची उदाहरणे आमच्या ऐकिवात आहेत. लवकर निघणारे विमान पाहावे, लहान प्रवासाचे नव्हे.

मात्र थांबा घेताना दोन्ही विमानांचे तिकीट एकच असावे. एकाच तिकिटावर पहिले विमान उशिरा आले आणि पुढचे सुटले, तर पुढची सोय विमान कंपनी लावून देते. स्वतंत्र तिकिटे काढली असतील तर दुसरे तिकीट बुडते. चारशे-पाचशे रुपये नव्हे, काही हजार वाचविण्यासाठीही अशा वेळी हा धोका पत्करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन विमानांमध्ये एका तासाचा थांबा छान दिसतो, पण पुरत नाही. दोन-तीन तास असावेत.

विमानाबाहेरचे तास

कागदपत्रांकडे शांत दिवसांतच लक्ष द्यावे. जे अमेरिकेचे नागरिक झाले आहेत त्यांना भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड वा व्हिसा लागतो. लहान मुलांचे कार्ड काढावयाचे राहून गेल्यामुळे आईला मुलांना मागे ठेवून एकटीने यावे लागते. जे नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ज्यांच्या पासपोर्टवरील शिक्क्याची मुदत संपली आहे, त्यांना येण्यास अडचण नसते, पण परत जाताना साधारणपणे भारतातच नवा शिक्का घ्यावा लागतो. त्यासाठी मुलाखतीची तारीख मिळण्यास किती दिवस लागतील, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे काहींना यावे की नाही हाच प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न भावंडांनी समजून घ्यावा. मुलगा आला नाही म्हणजे त्याला वडिलांची किंमत नाही, असे अंगणात बसून बोलू नये. युरोपातील काही विमानतळांवर केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागू शकतो, तेही तिकीट काढण्यापूर्वी तपासावे.

न्यूयॉर्कमध्ये विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. मुंबईत विमान दाराशी लागल्यापासून पासपोर्ट तपासणी, सामान आणि कस्टम्स मिळून एक ते दीड तास धरावा. सहारहून वसई-विरारकडे येण्यास महामार्गावरील वाहतुकीनुसार दीड-दोन तास लागतात, संध्याकाळी त्याहून अधिक. (ज्या सहार गावाच्या नावाने हे विमानतळ आपण अजूनही ओळखतो, ते मूळचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांचे गाव, हे नव्या पिढीला ठाऊक नसते.) डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत, तेव्हा तिकिटावर ‘मुंबई’ वाचून गाडी सहारला पाठविण्यापूर्वी विमानतळाचे नाव नीट पाहावे. दोन्हींमध्ये खाडी आहे.

अंत्यविधीची वेळ ठरविताना विमान उतरण्याच्या वेळेत किमान चार तास मिळवून मग धर्मगुरूंशी बोलावे. पाच मिळवले तर उत्तम. फोनवर विमानाचा क्रमांक लिहून घ्यावा, केवळ कंपनीचे नाव नव्हे. क्रमांक असला म्हणजे विमान कोठे आहे व किती उशिरा आहे हे घरबसल्या कळते, आणि चर्चची घंटा वाजविणाऱ्यालाही वेळेवर सांगता येते. येणाऱ्याने शक्य तर हातातल्या एकाच पिशवीवर यावे. सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहण्याचा अर्धा-पाऊण तास तेवढ्याने वाचतो.